अकरा मिलिमीटर

१

दर रविवारी सकाळी चहा झाला की मी शेडमध्ये जायचो आणि गाडीची चार मापं घ्यायचो. चाकाच्या बरोबर मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, चारही कोपऱ्यांवर, आणि ती भिंतीवर खडूनं लिहायचो. बायको म्हणायची, "लोक रविवारी झाडांना पाणी घालतात, आमचे हे गाडीची उंची मोजतात. शाळेत जाणारी पोर आहे का ती, दर आठवड्याला वाढायला?" मी दुर्लक्ष करायचो. सव्वीस वर्षं मी खडीच्या खाणीवर वजनकाट्याला होतो. रिकामा ट्रक किती, भरलेला किती, हेच आयुष्यभर बघितलं. माणसांवर माझा विश्वास बेताचाच, काट्यावर मात्र पुरेपूर. खाणीवर मला काटेसाहेब म्हणायचे, ते नाव निवृत्तीनंतरही चिकटून राहिलं.

गाडी म्हणजे चौदा वर्षं वापरलेली एसयूव्ही. बायकोला डोंगरापलीकडचं तळं बघायचं होतं आणि तिथवरची वाट म्हणजे निव्वळ धोंडे. साधी गाडी तिथे पोटावर घासते. एकतीस वर्षांच्या संसारात तिनं हट्ट म्हणून एवढाच केला होता. ती शिवणकाम करते. घराच्या बाजूच्या खोलीत तिचं पायमशीन, आणि त्या खोलीची खिडकी माझ्या शेडमध्ये उघडते. मी इकडे गंज खरवडायचो, ती तिकडे काजं करायची, आणि दिवसभर खिडकीतून आमची उणीदुणी चालायची. बरे दिवस होते ते.

हाताखाली मिस्त्री होता. म्हणजे खरं तर मी त्याच्या हाताखाली होतो. हा खाणीच्या ट्रकांचा जुना मेकॅनिक, माझा दोस्त. सुटीच्या दिवशी यायचा. आम्ही मागचा सडलेला पत्रा कापून नवा जोडला, गियरबॉक्सची गळती थांबवली, ब्रेकच्या नळ्या बदलल्या. मग गाडी उचलायचं काम निघालं, म्हणजे जुन्या स्प्रिंगा काढून जरा लांब स्प्रिंगा घालायच्या.

"फक्त चाळीस मिलिमीटर," मिस्त्रीनं बजावलं. "त्याच्या वर गेलात तर वळणावर लोळण घेईल, आणि वहिनी मला जन्मभर चहा देणार नाहीत."

चाळीसच केले. पुढचा डावा कोपरा चारशे ब्याऐंशीचा पाचशे बावीस झाला.

शेवटचं काम तेवढं नाजूक होतं. सांध्यासांध्यात रबराचे बुश असतात. गाडी जॅकवर लटकत असताना बोल्ट आवळले तर रबर तसंच घट्ट होतं, आणि चाकं टेकली की पिळवटून फाटतं. म्हणून गाडी आधी चाकांवर उतरवायची, प्रवासात जेवढं वजन आत असणार तेवढं भरायचं, आणि गाडी दबून स्थिर झाली की मग आवळायचं. मिस्त्री म्हणाला, "आवळताना जशी असेल, तेच रबराला घर वाटतं."

यासाठी वाळूची पोती भरतात. त्यात अर्धा तास गेला असता आणि मला घाई. शेडमध्ये सिमेंटची एकच गोणी होती. ती आणि हत्यारांची पेटी मिळून माझ्याएवढं वजन होत होतं, ती दोन्ही मी ड्रायव्हरच्या जागी ठेवली, कारण मला खाली निजून बोल्ट आवळायचे होते. शेजारच्या सीटसाठी काही उरलं नाही. मी खिडकीतून हाक मारली, "अगं, जरा येऊन बसतेस का?"

माझ्या जागी सिमेंट आणि तिच्या जागी ती. याचा विचार मी नंतर किती वेळा केला ते सांगता येणार नाही.

ती हातातलं काजाचं काम घेऊनच आली आणि बसली. कोपरा पाचशे बावीसचा पाचशे अकरा झाला. अकरा मिलिमीटर खाली. मी त्यावरूनही तिला चिडवून घेतलं. मग आम्ही आवळायला लागलो. त्यासाठी खास टॉर्कचा पाना असतो, ठरलेल्या जोराला पोचला की तो कट्ट वाजतो. चोवीस बोल्ट, चोवीस वेळा कट्ट. मध्येच वरून तिचा आवाज आला, "अहो, दर वेळी सीट पोटाशी आवळल्यासारखी का होते?"

"जेवण जास्त झालंय," मी खालून म्हणालो. मिस्त्री हसला.

ती उतरली, मशीनवर जाऊन बसली. मी माप घेतलं. पाचशे बावीस यायला हवं होतं. आलं पाचशे एकवीस.

"नवं रबर आहे," मिस्त्री हात पुसत म्हणाला. "बसेल आपोआप."

२

पुढच्या आठवड्यात न्हाणीघरातून तिनं एवढ्या जोरात हाक मारली की मला वाटलं पाय घसरला. धावत गेलो. ती वजनाच्या यंत्रावर उभी होती आणि चेहऱ्यावर नुसता आनंद.

"त्रेपन्न! अहो, अठ्ठावन्नची त्रेपन्न! आणि काही न करता!"

"यंत्र बिघडलंय," मी म्हणालो.

"उतरल्यावर तुमचं करा."

मी उभा राहिलो. चौऱ्याहत्तर. माझे जिथल्या तिथे.

"आता बोला काटेसाहेब. काटा खोटं बोलतो का?"

दोन दिवस तिचे पाय जमिनीवर नव्हते. शेजारणीला सांगून झालं, फोनवर बहिणीला सांगून झालं. मग तिनं शिंप्याच्या सवयीनं स्वतःला फीत लावली आणि जरा गप्प झाली. कंबर तेवढीच. दंड तेवढेच. एकही कपडा बोटभर सैल झाला नव्हता.

"मग गेलं कुठून वजन? डोक्यातून?" मी विचारलं.

तिनं मला खडू फेकून मारला. पण त्या दिवसापासून ती रोज वजन करायला लागली आणि आकडा मशीनजवळच्या कॅलेंडरवर लिहायला लागली. तिसऱ्या आठवड्यात बेचाळीस झालं, तेव्हा आम्ही डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी आधी आपल्या यंत्राला दोन लाथा घातल्या, मग दुसरं यंत्र मागवलं. तिथेही बेचाळीस. रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, पोट दाबून बघितलं. सगळं ठीक.

"या अंगाला बेचाळीस किलो शोभत नाहीत," डॉक्टर चष्मा काढत म्हणाले. ते तिच्याकडे बघत होते, पण मला वाटलं ते माझ्याकडून काहीतरी उत्तर मागतायत.

३

त्याच आठवड्यात पुढचा डावा कोपरा पाचशे एकोणीसवर आला. बाकीचे तिन्ही जिथल्या तिथे.

मिस्त्रीला बोलावलं. त्यानं स्प्रिंग काढून उजवीकडची डावीकडे घातली, डावीकडची उजवीकडे. स्प्रिंग दमली असेल तर दोष तिच्याबरोबर उजवीकडे जायला हवा. गेला नाही. मग त्यानं दुसऱ्या दुकानातून कोरी स्प्रिंग आणली. तीही त्याच मापाला येऊन बसली. चाकातली हवा तपासली, चाकं बदलली, शेडची फरशी सपाट आहे का ते लेव्हलनं बघितलं. मिस्त्रीनं डोकं खाजवलं आणि चहा अर्धा टाकून उठला. त्यानं चहा टाकलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

मला आणखी एक गोष्ट दिसली होती, पण ती मी त्याला सांगितली नाही. बायको गाडीत बसली की माप बरोबर पाचशे अकरा यायचं. पहिल्या दिवशीही पाचशे अकरा, आजही पाचशे अकरा. बसल्यावर काही बिघडत नव्हतं. ती उतरली की गाडी पूर्ण वर यायला तयार नव्हती.

मी स्वतःला खूप समजावलं. माणूस निवृत्त झाला की असले खेळ सुचतात म्हणालो. मग एका दुपारी ती बाजारात गेली असताना मी तिचं कॅलेंडर घेऊन शेडमध्ये आलो आणि भिंतीवरच्या खडूच्या आकड्यांशेजारी धरलं. कोपऱ्याच्या एका मिलिमीटरला तिचे पाच किलो आणि थोडे. दर आठवड्याला, बिनचूक. मी तिथेच चाकाला टेकून बसलो.

तरी मनाची खात्री होईना. पाचव्या आठवड्यात टाकी काठोकाठ भरली आणि गाडी घेऊन खाणीवर गेलो. स्प्रिंगा निवडण्याआधी मी तशाच भरल्या टाकीनं गाडीचं वजन केलं होतं, अठराशे नव्वद. काट्यावर आता माझ्याच हाताखाली शिकलेला गडी असतो. त्यानं प्रेमानं विचारपूस केली. मी गाडी काट्यावर लावली, खाली उतरलो, आत कुणी नाही काही नाही हे स्वतः चारही दारं उघडून बघितलं.

"एकोणीसशे वीस," खिडकीतून तो ओरडला. "साहेब, आत काय भरलंय?"

"काही नाही," मी म्हणालो.

"तीस किलो काही नाही?" तो हसला. "हे आम्हाला तुम्हीच शिकवलंत हं. काटा कधी उगाच हलत नाही."

घरी आलो तेव्हा ती मशीनच्या टेबलावर डोकं ठेवून पडली होती. "कुठे गेला होतात गाडी घेऊन? मला कसंतरीच होत होतं. कुणीतरी लांब ओढत नेतंय असं." त्या सकाळी कॅलेंडरवर सव्वीस होते, म्हणजे बत्तीस गेलेले; खाणीचा काटा दहाच्या पटीतच दाखवतो.

४

मी तिला सगळं सांगितलं. लपवून ठेवणं मला जमत नाही आणि तिच्यापासून तर कधीच जमलं नाही. भिंत दाखवली, कॅलेंडर दाखवलं. मला वाटलं, ती वेड्यात काढेल. मला तेच हवं होतं.

तिनं प्रत्येक आकड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हणजे मी तिथे बसलेलीच आहे."

"असं काही नसतं."

"मग काय असतं ते सांगा."



मिस्त्रीलाही सांगावं लागलं. त्यानं ऐकून घेतलं आणि हसला नाही. "जसं आवळलं तसंच सोडवू," म्हणाला. म्हणजे तिला सीटवर बसवायचं, चोवीसच्या चोवीस बोल्ट ढिले करायचे, आणि बोल्ट ढिले असतानाच तिला उतरवायचं. मला पटलं. दुसरं काही सुचत नसलं की माणसाला काहीही पटतं.

या वेळी मी पोती भरली. वाळू चाळून, तोलून, शिवून. माझ्यासाठी एक, तिच्यासाठी एक. ती बसली, आम्ही बोल्ट सोडले. बोल्ट सुटताना काही वाजत नाही, नुसता रबराचा उसासा येतो. मग मी दार उघडून हात पुढे केला. ती उतरली, तिच्या जागी मी पोतं ठेवलं, मिस्त्रीनं पुन्हा सगळं आवळलं. पोतं काढलं. मी फीत लावायला वाकलो, तेवढ्यात मिस्त्रीनं ती माझ्याकडून घेतली.

"किती?" तिनं विचारलं.

मिस्त्री उठून उभा राहिला.

"मिस्त्री, किती?" मी ओरडलो.

"पाचशे पंधरा."

सकाळी सोळा होतं. आम्ही सोडवायला गेलो आणि आणखी एक मिलिमीटर आत गेला.

५

घराला आवाज असतात हे मला माहीत होतं, पण ते आवाज माणसाच्या वजनानं होतात हे कधी ध्यानात आलं नव्हतं. आमच्या लाकडी जिन्याची एक पायरी करकरते. ती वर गेली तरी आता करकरेना. ती शेजारी येऊन बसली तरी पलंग दबेना. मी वर्तमानपत्र वाचत असायचो आणि मान वर केली की ती खोलीत असायची, कधी आली त्याचा पत्ता नाही. मी दचकायचो. तिला वाईट वाटायचं, म्हणून ती दारातूनच "आले हं" म्हणायला लागली.

एके दिवशी मशीनचं पायडल दबेना. दोन्ही पाय ठेवून तिनं जोर लावला, तरी चाक फिरेना. तिनं हाक मारली नाही. मी खिडकीतून बघितलं तेव्हा ती अर्धवट शिवलेला शर्ट मांडीवर घेऊन नुसती बसली होती. मी आत जाऊन तिच्या पायांवर माझा पाय ठेवला आणि पायडल दाबलं. तसा शर्ट पुरा केला आम्ही. कॉलर वाकडी आली.

अंगणात वारा सुटला की ती आता दाराची कड धरायची. अंगातल्या झग्याच्या खिशात तिनं मोठी कात्री आणि इस्त्री ठेवायला सुरुवात केली. बघणाऱ्याला काही कळलं नसतं. चेहरा तोच, अंग तेवढंच, जेवणही नेहमीचं.

आणि ती गाडीत जाऊन बसायला लागली. आधी चहापुरती, मग भाजी निवडायला, मग उगीचच. मी रागावलो. एकदा तर हाताला धरून बाहेर काढली. हात हलका, फुंकरीनं उडेल असा.

"तिथे बसू नकोस म्हटलं ना!"

"तिथे बसलं की पाय जमिनीला टेकतात हो," ती म्हणाली. "भूक लागते. झोप येते. इथे घरात मी असून नसल्यासारखी वाटते मला. तुम्हाला नाही वाटत?"

वाटत होतं. मी म्हणालो, "काहीतरीच बोलतेस." मग बाहेर जाऊन मी शेडला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात ठेवली. संध्याकाळी तिचं तोंड इतकं फिकं पडलं की मीच कुलूप काढून दिलं.

६

गाडी मोडीत काढायचं मिस्त्रीनं सुचवलं. मी हो म्हणायला दोन दिवस घेतले. तिला विचारलं, तर ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं," आणि तिच्या तोंडून हे वाक्य मी एकतीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

मिस्त्री सकाळी आला. गाडी त्याच्या गॅरेजवर न्यायची, तिथे तुकडे करायचे. तो गाडीत चढला, पण शेजारच्या सीटकडे पाठ करून, खिडकीला चिकटून बसला. मी तिला शिवणाच्या खोलीत खुर्चीवर बसवलं, मांडीवर कापडाचे दोन तागे दिले, आणि फाटकाशी उभा राहिलो. गाडी फाटकाबाहेर पडली. मिस्त्रीनं हात केला. पलीकडच्या वळणापर्यंत फार तर शंभर पावलं.

आतून तागे पडल्याचा आवाज आला.

मी धावलो. ती खिडकीशी होती. दोन्ही हातांनी तिनं खिडकीचे गज धरले होते आणि तिचे पाय फरशीवर नव्हते. चपला खुर्चीपाशी राहिल्या होत्या. तिचं सगळं अंग रस्त्याच्या दिशेला आडवं ताणलं होतं, दोरीवर वाळत घातलेलं कापड वाऱ्यात ताणलं जातं तसं. खोलीत वारा अजिबात नव्हता. ती ओरडत नव्हती. दात आवळून माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या एकेका बोटाची पकड सुटत होती.

मी तिला कवेत धरलं आणि खिडकीतून मिस्त्रीच्या नावानं असा ओरडलो की शेजारपाजारचे बाहेर आले. गाडी थांबली. मग मागे यायला लागली. जसजशी मागे आली तसतशी ती माझ्या हातात खाली आली, पाय टेकले, आणि ती रडायला लागली. मीही रडलो.

मिस्त्रीनं गाडी शेडमध्ये लावली, किल्ली माझ्या हातात दिली. "मला माफ करा वहिनी," तो खिडकीकडे बघून म्हणाला. नंतर मी त्याला चार वेळा फोन केला. त्यानं उचलला, पण नुसता ऐकत राहिला.

त्या शनिवारी मी भिंतीवर पाचशे अकरा लिहिलं. गाडीत कुणी नव्हतं. ती घरात यंत्रावर उभी राहिली, खिसे रिकामे करून. काटा हललाच नाही.

७

जे करायचं ते आता मला एकट्यालाच करायचं होतं. रविवारी जेवणं झाल्यावर मी जॅक काढला. एकेक कोपरा उचलून गाडी चार लोखंडी स्टँडवर ठेवली, चाकं काढली, बोल्ट सोडले. ती माझ्या शेजारी उभी राहून पाने देत होती. जड पाना तिच्या हातात आला की तिला बरं वाटायचं, म्हणून मी मुद्दाम मोठे पाने मागत होतो. खिशात कात्री होतीच.

"एकोणीसचा दे."

"हा घ्या."

"दमलीस का?"

"मला काय दमायला होणार," ती म्हणाली, आणि आम्ही दोघंही हसलो. किती दिवसांनी हसलो.

चारी स्प्रिंगा काढून भिंतीशी ओळीनं उभ्या केल्या. शॉकअब्सॉर्बर काढले. आता दबायला काही उरलंच नव्हतं. गाडी म्हणजे चार खांबांवरचा पत्र्याचा डबा, त्याला ना कोपरा वर ना खाली. मोजायचं कशानं आणि काय? मला एकदम मोकळं वाटलं. मी फीत गुंडाळून खिशात टाकली. मला वाटलं, माप गेलं की रोगही गेला.

मी हात पुसत होतो तेव्हा सीट वाजली.

माणूस बराच वेळ बसून कूस बदलतो, तेव्हा सीटच्या आतली तार वाजते, तेवढाच आवाज. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्या उजव्या हाताला होती, दोन्ही हातांत एकोणीसचा पाना. तिनंही ऐकलं होतं.

पत्रा तापून वाजला असेल, मी स्वतःला म्हणालो. स्टँड बसला असेल. तिच्या बाजूच्या दाराची काच खाली होती. मी वाकून आत बघू शकलो असतो, दोन पावलांचं काम. मी हललो नाही. पण दाराला बाहेरचा आरसा आहे, आणि मी उभा होतो तिथून त्यात खिडकीची कड दिसत होती. कडेवर एक कोपर टेकलेलं होतं. बाहीची घडी दोनदा दुमडलेली, शिंपीण दुमडते तशी नेटकी. कोपर जरासं हललं आणि पुन्हा टेकलं. त्याच्या भारानं दाराचा पत्रा किंचित कुरकुरला.

"अहो," आतून आवाज आला.

तो तिचा आवाज होता. घरात हल्ली ज्या पातळ आवाजात ती बोलायची तो नव्हे. जिन्याखालून हाक मारली तरी वर ऐकू यायची तो, भरलेला, थोडा वैतागलेला.

"अहो, झालं का तुमचं? अंग आंबलं बसून बसून. उतरू का आता?"

शेजारी पाना खाली पडला. तिनं माझा हात धरला. म्हणजे धरला हे मी बघितलं म्हणून कळलं.

"हो म्हणू नका," ती म्हणाली. ओठ हलले, आवाज कसाबसा पोचला. "अहो, मी इथे आहे ना? मी इथे आहे. तिला हो म्हणू नका."

"कुणाशी बोलताय?" आतून विचारलं.

मी तोंड उघडलं. सव्वीस वर्षं मी हो किंवा नाही एवढंच सांगत आलो होतो आणि माझं कधी अडलं नव्हतं. नको म्हणावं, तर जिला नको म्हणतोय तिच्यात अठ्ठावन्न किलो होते. हो म्हणावं, तर माझा हात धरून कोण उभं होतं? मला आत काय आहे ते माहीत नव्हतं. बाहेर काय आहे तेही आता छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं. दोघींनी मला एकाच हाकेनं हाक मारली होती आणि दोघींना माझ्याकडूनच उत्तर हवं होतं.

मग आतून दाराच्या हँडलचा खटका वाजला.

मी झेप घेऊन दाराला खांदा लावला. मान खाली घातली, डोळे मिटले, खिडकीकडे बघायचं नाही एवढंच ठरवलं. डावा तळवा पत्र्यावर, उजव्या हातात तिचा हात. दार आतून ढकललं जात होतं. त्यात घाई नव्हती, राग नव्हता. भरल्या पोटाचं, भरल्या अंगाचं माणूस आपल्याच गाडीतून उतरताना ढकलतं तसं. माझ्या कपाळाजवळ कुणीतरी श्वास घेत होतं आणि त्या श्वासाबरोबर तिच्या केसांच्या तेलाचा वास येत होता.

"अहो, असं काय करता? सरका ना जरा."

माझे पाय फरशीवर मागे सरकायला लागले. डाव्या हाताला सगळी ताकद लागत होती. उजवा हात मी घट्ट आवळला, आणि माझीच बोटं माझ्याच तळव्याला टेकली. मी तिला हाक मारली. खांद्यावरून मागे वळून बघायची माझी छाती झाली नाही.